सन १९२७ : कोरेगाव ते महाड

आपल्या शिरूर-दौंडकडील बांधव १ जानेवारीला कोरेगाव भीमाच्या विजयस्तंभास मानवंदना देतात. बाबासाहेब तेथे १ जानेवारी १९२७ रोजी आले होते, हेही पुष्कळांना ठाऊक असते. परंतु त्या वर्षाचे उरलेले महिने आपण सलग वाचत नाही.

१८१७ च्या अखेरच्या रात्री स्टाँटनची पलटण शिरूरच्याच छावणीतून निघाली. पुढे स्तंभावर महार सैनिकांची नावे कोरली गेली. आणि १८९२ नंतर त्याच सरकारने महारांची सैन्यभरती बंद केली! नुसत्या पराक्रमाच्या स्मरणाने हक्क मिळत असते, तर असे घडले नसते.

म्हणून पुढील पाऊल पाहावे. २० मार्चला बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्यावर गेले. तळे सर्वांस खुले, असा नगरपालिकेचा ठराव १९२४ पासून होताच; पण तो कागदावर. पाणी प्यालेल्यांना त्याच दिवशी मारहाण झाली. ३ एप्रिलला 'बहिष्कृत भारत' पाक्षिक निघाले. ४ ऑगस्टला नगरपालिकेने आपलाच ठराव फिरवला. १४ डिसेंबरला कोर्टाने तळ्यावर जाण्यास तात्पुरती मनाई केली. परिषदेला जागा मिळेना, ती फत्तेखान यांनी दिली. तेथे २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले.

विद्यार्थ्यांना दहन आठवते. त्याच परिषदेत सत्याग्रह तहकूब झाला, हे आठवत नाही. मला ते तितकेच मोलाचे वाटते. हजारो माणसे तुरुंगात जाण्यास तयार असताना त्यांना थांबवणे सोपे नव्हते. बाबासाहेबांनी दावा लढवला, आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टात तो अस्पृश्यांच्या बाजूने लागला.