आधी चेन, मग रंग

गाडी घेतल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी मी तिचा सुरू होतानाचा आवाज मोबाइलवर टिपला आणि कोल्हापूरला आप्पांना पाठवला. त्यांना आनंद व्हावा, एवढाच हेतू. आप्पांचं सगळं आयुष्य उद्यमनगरात लेथवर आणि ट्रकची इंजिनं उघडण्यात गेलं. स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून ते दुखणं सांगायचे. त्यांनी आवाज दोनदा ऐकला आणि लगेच फोन केला. "चेन बोलाय लागलीया बघ. आधी ती उघड. रंग-बिंग मागनं."

मी आधी रंग केला.

गाडी १९८६ सालची मर्सिडीज १९० ई २.३-१६. मी स्टुटगार्टला नोकरीला आलो तेव्हापासून ती मनात होती. बाहेरून बघाल तर चार दारांची साधी सेदान, जरा रुंद पट्ट्या आणि मागे पंख लावलेली. पण २,२९९ सीसीच्या इंजिनावरचं सोळा व्हॉल्व्हचं हेड इंग्लंडच्या कॉसवर्थनं घडवलेलं आहे. ताकद १८५ पीएस, तीही ६,२०० आरपीएमला. म्हणजे पळवल्याशिवाय हे इंजिन खुलत नाही. पहिला गिअर डावीकडे खाली. ऑगस्ट १९८३ मध्ये इटलीतल्या नार्दोच्या गोल ट्रॅकवर या मॉडेलची गाडी ५०,००० किलोमीटर पळाली, ताशी सरासरी २४७.९ किलोमीटरनं. १२ मे १९८४ ला न्यूर्बुर्गरिंगचा नवा ट्रॅक खुला झाला, तेव्हा अशाच वीस गाड्यांची शर्यत लावली होती. फॉर्म्युला वनमध्ये नुकताच आलेला आयर्टन सेना ती जिंकला, निकी लाउडा दुसरा आला. हे सगळं मला तोंडपाठ होतं. गाडीच्या पोटातली चेन एकपदरी आहे, हेही वाचलं होतं. पण वाचलेलं आणि ऐकलेलं यांची सांगड मी घातली नाही.

घात केला तो मीटरनं. १ लाख २० हजार किलोमीटर, या वयाला कमीच. विकणाऱ्याकडे ती काही वर्षं झाकून ठेवलेली होती, आणि मला वाटलं, उभी होती म्हणजे जपलेली आहे. खरं उलट आहे. अशी गाडी चालवून जितकी झिजते, त्याहून जास्त उभी राहून बिघडते. रबर वाळतं, सील आक्रसतात, टाकीतल्या जुन्या पेट्रोलचा चिकटा धरतो. आणि टायमिंग चेन ज्या प्लास्टिकच्या पट्ट्यांवरून सरकते, त्या तेलात राहून राहून तपकिरी होतात आणि बिस्किटासारख्या ठिसूळ बनतात.

चेनला ताण देणारा टेन्शनर तेलाच्या दाबावर चालतो. इंजिन थंड असलं की तो दाब यायला क्षणभर लागतो. तेवढ्यात ढिली चेन पट्टीवर आपटते, तीच ती सुरुवातीची खडखड. दोनेक सेकंदांत आवाज जातो आणि माणूस निवांत होतो. मीही झालो. त्या वर्षी मी चारही चाकं नव्यानं करून घेतली, दरवाजांना रंग दिला, सीटचं कापड शोधून आणलं.

पुढच्या मार्चमध्ये, चार महिन्यांच्या हिवाळी मुक्कामानंतर, मी किल्ली फिरवली. खडखड आली आणि थांबेना. मग 'टक्' असा एकच आवाज. इंजिन थरथरलं आणि बंद पडलं. त्या क्षणी हात मागे घेतला असता तर बरंच काही वाचलं असतं. पण मी पाच-सहा वेळा स्टार्टर मारला. पट्टी तुटली होती, चेन दातावरून उडाली होती, व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांची वेळ चुकली होती. आणि मी प्रत्येक वेळी त्यांना एकमेकांवर आपटत होतो.

श्वेबिश आल्बच्या डोंगरांच्या पायथ्याशी एका खेड्यात एक म्हातारे माइस्टर, म्हणजे उस्ताद मेकॅनिक, ही इंजिनं अजून करतात. त्यांनी हेड उतरवलं आणि मला बोलावून घेतलं. पिस्टनच्या माथ्यावर नखाएवढ्या चंद्रकोरी उमटल्या होत्या, व्हॉल्व्ह जिथे आदळले तिथे. सोळातले सहा व्हॉल्व्ह वाकलेले. मग त्यांनी जुनी चेन आणि नवी चेन एकेका हातात आडवी धरली. नवी जवळजवळ सरळ राहिली, जुनी धनुष्यासारखी लवली. बोलले काहीच नाहीत. तेलाच्या चाळणीतून काढलेला पट्टीचा तुकडा मात्र माझ्या तळहातावर ठेवला. तो अजून माझ्या टेबलावर आहे.

चेन, पट्ट्या, टेन्शनर आणि मजुरी हे सगळं रंगाच्या बिलाच्या निम्म्यात बसलं असतं. हेडला तिप्पट लागले, आणि सुट्या भागांची वाट बघण्यात आठ महिने गेले. साध्या १९० चे भाग अजून मिळतात. सोळा व्हॉल्व्हवाल्या इंजिनाचे हुडकावे लागतात. म्हणून अशी गाडी घेणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं पैशाबद्दलच आहे. गाडीसाठी जेवढे पैसे ठेवलेत ते सगळे विकणाऱ्याच्या हातात देऊ नका. एक चांगला वाटा पहिल्या वर्षाच्या कामासाठी आधीच बाजूला काढा, आणि तो न दिसणाऱ्या गोष्टींवर घाला.

गाडी बघायला जाल तेव्हा इंजिन थंड हवं, हे आधीच बजावून ठेवा. गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर कुणीतरी तुमच्या आधी ती खडखड उरकून घेतली आहे असं समजा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. चेन कधी बदलली त्याची पावती मागा. 'बदललीय' या तोंडी शब्दाला किंमत देऊ नका. पावती नसेल तर व्हॉल्व्ह कव्हर काढायला लावा. कॅमशाफ्टची खूण जुळवायची आणि क्रँकच्या पुलीवर किती अंशांचा फरक पडतो ते वाचायचं, की चेन किती ताणली ते कळतं. इंजिन हातानं फिरवायचं ते चालतं त्याच दिशेनं, उलटं कधीच नाही.

मग खाली वाका. या गाडीला कडेनं प्लास्टिकच्या रुंद पट्ट्या आहेत. त्या दिसतात छान, पण पत्र्याचा गंज त्यांच्याच आड वाढतो. माझ्या गाडीची उजवी पट्टी काढली, तर जॅक लावायच्या जागी बोट सरळ आत गेलं. इथे थंडीत रस्त्यावर मीठ टाकतात, ते नेमकं तिथे साचतं. विकणारा पट्टी काढू देत नसेल तर परत फिरा.

गाडीची मागची उंची राखायला हायड्रॉलिक यंत्रणा आहे, तिच्या गोळ्यांमधला नायट्रोजन वर्षानुवर्षं झिरपतो. मग गाडी मागून दगडासारखी आपटते. लोक शॉकअप गेले म्हणून घाबरतात. आधी गोळे बघा. टायरची नक्षी बघू नका, कडेवरचे चार आकडे वाचा: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल. २३० च्या वेगाला जाणाऱ्या गाडीवर पंधरा वर्षांचे कडक टायर म्हणजे जिवाशी खेळ आहे. आणि पेट्रोलच्या रबरी नळ्या तर विचार न करता बदला. बॉशच्या त्या जुन्या इंजेक्शनमध्ये पेट्रोल चांगल्या दाबानं फिरतं आणि खाली गरम इंजिन असतं. नळीला भेग गेली तर आग लागते. ब्रेकच्या नळ्यांचंही तेच.

गाडी उभी ठेवायची असेल तर महिन्यातून एकदा अर्धा-पाऊण तास नीट पळवा. पाच मिनिटं जागच्या जागी सुरू ठेवणं सगळ्यात वाईट, आत पाणी धरतं आणि ते सुकत नाही. लांब मुक्कामानंतर मी आता इंधन पंपाचा रिले काढतो, नुसत्या स्टार्टरवर इंजिन फिरवून तेलाचा दाब येऊ देतो आणि मगच रिले बसवून किल्ली मारतो.

पुण्या-मुंबईत, १९९५ पासून भारतात जुळवलेल्या मोठ्या मर्सिडीज सांभाळणारे मित्र विचारतात, हे आम्हाला लागू आहे का? मिठाच्या जागी पावसाळा धरा, बाकी वय सगळीकडे सारखंच होतं.

गेल्या शनिवारी सकाळी गॅरेजमधून आप्पांना फोन लावला आणि तो बॉनेटपाशी धरून किल्ली मारली. सेकंदभरात इंजिन एकसारखं बोलू लागलं. आप्पा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "चेन ग्वाड हाय. पण एक टॅपेट वाजतंय, फुडचं. कव्हर काढून गॅप बघ." या हेडला टॅपेटची गॅप चकत्या बदलूनच जुळवावी लागते. मी इंजिन बंद केलं, ते थंड व्हायची वाट बघत बसलो, आणि दुपारी कव्हर उघडलं. एक नंबरच्या एक्झॉस्टची गॅप खरंच जास्त होती.