टायरच्या हवेचा दिवा आणि पंक्चरवाल्यावरचा आळ

पंक्चर आणि गॅरेजच्या धंद्यात असलेल्या आपल्या बांधवांच्या वाट्याला हल्ली एक नवा तंटा येतो. गिऱ्हाईक पंक्चर काढून जाते आणि दुसऱ्या दिवशी परत येऊन म्हणते, "हवेचा दिवा लागला, सेन्सर तुम्हीच मोडला." दिव्याची माहिती नसेल तर कारागिराला नुकसान सोसावे लागते, नाहीतर नवा सेन्सर गिऱ्हाईकाच्या गळ्यात मारला जातो. दुसरा प्रकार आम्हाला अधिक वाईट वाटतो. मालातला दोष सांगून व्यवहार करणे हा आपल्या दीनचा हुकूम आहे.

काही गाड्यांत प्रत्येक चाकात व्हॉल्व्हला जोडलेला सेन्सर असतो व तो हवेचा दाब रेडिओ लहरींनी कळवतो. काहींत चाकात काहीच नसते. हवा उतरलेले चाक किंचित लहान होऊन जास्त फेरे घेते, ते एबीएसची यंत्रणा ओळखते. अशा गाडीत हवा भरल्यावर रिसेट राहिले की दिवा भलतेच सांगतो. सेन्सरच नसलेल्या गाडीला नवा सेन्सर सुचवणारे महाभागही आहेत!

थंडीतली तक्रार वेगळी. दुपारी ३५ अंशांत २७ पौंड भरणारी हवा पहाटे १५ अंशांत सुमारे २४ वर येते. अमेरिकेत फायरस्टोन टायरच्या अपघातांनंतर २००० साली कायदा झाला. त्यावरून पुढे आलेल्या नियमाप्रमाणे दाब २५ टक्के घटला की दिवा लागावा लागतो. ३२ पौंडांच्या टायरला ती हद्द २४ होते. दुपारी दिवा विझतो आणि लोक सेन्सरला दोष देतात. टायरमध्ये हवा मुळातच कमी होती.

बहुतेक गाड्यांत दिवा सरळ लागला तर हवा कमी असते. मिनिटभर लुकलुकून मग स्थिर राहिला तर दोष यंत्रणेत असतो. सेन्सरची बॅटरी साधारण ५ ते १० वर्षे चालते, पण ती बंद डबीत असल्याने बहुधा अख्खा सेन्सरच बदलावा लागतो.

आपली चूकही होते. टायर सोडवताना मशीनचा दाब व्हॉल्व्हजवळ दिला की सेन्सर तुटतो. अॅल्युमिनियमच्या व्हॉल्व्हमध्ये साधी पितळी पिन गंजून अडकते. तिथे निकेलचा मुलामा असलेलीच पिन वापरावी. भारतात २०२० च्या नियमाने दाबाची यंत्रणा आणि पंक्चर किट असलेल्या मोटारींना स्टेपनीतून सूट मिळाली. किटमधला द्रव भरून आलेल्या टायरमध्ये सेन्सरचे छिद्र बुजू शकते, म्हणून ते पुसून घ्यावे.

जॅक लावण्याआधी गिऱ्हाईकासमोर चावी फिरवून दिवा पाहावा, गेजने चारही चाके मोजावीत आणि दिवा आधीच लागलेला असेल तर तसे बिलावर लिहून घ्यावे.