हात आईचा, कोटेशन माझं

अंबडच्या एका कारखान्यात मी खरेदी विभागात आहे. बोल्ट असो की बेअरिंग, तीन कोटेशनं हातात आल्याशिवाय ऑर्डर सोडायची नाही, हे अंगात इतकं मुरलंय की बायको म्हणते, कोथिंबिरीच्या जुडीलाही मी तेच करतो. एका आषाढात आई ओल्या पायरीवरून घसरली, उजवं मनगट मोडलं, आणि हीच सवय बरोबर घेऊन मी हाडांच्या दवाखान्यात पोचलो. पुढे फाल्गुनात पुतण्यानेही हात मोडून घेतला. त्या दोन हातांच्या निमित्ताने जे कळलं, ते हे.

१. पहिल्या दिवशी निवडायला काही नसतं. मी मात्र तयारीनिशी गेलो होतो. फायबरच घालायचं, चांगल्या कंपनीचं घालायचं, पैशाकडे बघायचं नाही. (हे शेवटचं वाक्य आमच्या विभागात कुणी उच्चारत नाही, म्हणून तिथे जरा मोठ्यानेच म्हटलं.) डॉक्टरांनी आधी आईच्या बांगड्या उतरवायला लावल्या, हाड जागेवर बसवलं आणि घातलं काय, तर साध्या पांढऱ्या प्लास्टरचा अर्धा स्लॅब. वर क्रेप बँडेज. सूज पहिले काही दिवस वाढतच असते, हात चारही बाजूंनी बंद केला तर ती जाणार कुठे? स्लॅबची एक बाजू मोकळी असते, बँडेज कात्रीनेही सोडवता येतं. शिवाय ओलं प्लास्टर हाताच्या वळणावर जसं बसतं तसं फायबर बसत नाही. पांढरं गरिबाचं आणि रंगीत पैसेवाल्याचं, ही माझी वर्गवारी तिथेच निकालात निघाली. प्लास्टर म्हणजे भाजलेला जिप्सम. पाणी मिळालं की तो पुन्हा घट्ट होतो आणि होताना गरम होतो. ‘शेक दिल्यासारखं वाटतंय रे,’ आई म्हणाली. मॅथायसेन नावाच्या डच लष्करी डॉक्टरने १८५२ मध्ये हे प्लास्टर भरलेलं बँडेज जगापुढे मांडलं, आणि अजून ते कुणी मोडीत काढलेलं नाही. आमच्या कारखान्यात इतकी जुनी वस्तू यादीत राहिलीच नसती.

२. रुंद म्हणजे फायद्याचं, हे कापडाच्या दुकानात खरं. सूज उतरल्यावर डॉक्टरांनी फायबरची चिठ्ठी दिली: तीन इंची रोल दोन, सॉफ्ट रोल, स्टॉकिनेट, हातमोजे. ती घेऊन मी सरळ गोळे कॉलनी गाठली. नाशिकची औषधांची घाऊक पेठ हाताशी असताना दवाखान्याखालच्या मेडिकलमध्ये घेणं माझ्या तत्त्वात बसत नव्हतं. फायबरचे रोल दोन, तीन, चार, पाच इंच रुंदीचे मिळतात आणि लांबी साधारण सारखीच असते, साडेतीन मीटरच्या आसपास. मी लगेच मोबाइल काढून दर चौरस इंची भाव काढला आणि पाच इंची रोल परवडतो असं जाहीर केलं. दुकानदाराने शांतपणे विचारलं, ‘हात कुणाचा आहे?’ म्हटलं, आईचा. ‘मग तीनच न्या. पाच पायाला लागतो.’ अंगठ्याच्या बेचक्यातून रुंद पट्टी वळवली की चुण्या पडतात, चुणी आतून कडक झाली की कातडीला टोचत राहते. लहान मुलाला तर दोन इंचीच बरा. मोबाइल खिशात ठेवला.

३. पाकीट दाबून बघावं. हे मला त्याच दुकानदाराने शिकवलं. फायबर म्हणजे काचेच्या धाग्यांचं विणलेलं कापड, पॉलियुरेथेन रेझिन पाजलेलं. ते कडक व्हायला पाणी लागतं, पण बादलीभरच लागतं असं नाही, हवेतली ओलही पुरते. म्हणून ते ॲल्युमिनियमच्या पाकिटात हवाबंद येतं. पाकिटाला टाचणीएवढं भोक पडलं असेल तर आषाढातल्या नाशिकच्या हवेत रोल आतल्या आत दगड होऊन बसतो. बोटांनी दाबून मऊ लागला तर घ्यायचा, शेवटची तारीख पाहायची, आणि हात समोर येईपर्यंत फोडायचा नाही. एक रोल जास्तीचा घ्यावा, पण न फोडलेला परत घेणार का, हे बिल करण्याआधी विचारावं. एवढा एकच प्रश्न मी धंद्याच्या अनुभवावर विचारला आणि दुकानदाराने मान डोलावली. बरं वाटलं.

४. सगळं सुखदुःख आतल्या कापसात असतं. हे कळायला मला पुतण्या लागला. मी कंपन्यांची नावं, रंग, वजन, भाव यांत बुडालो होतो आणि सॉफ्ट रोल ‘कुठलाही द्या’ म्हणून पिशवीत टाकला होता. प्रत्यक्षात कातडीला जे लागतं ते फायबर नव्हेच. आधी स्टॉकिनेटची जाळीदार बाही, मग कापसाचे थर, मग फायबर. मनगटाच्या करंगळीकडच्या बाजूला जे हाड वर येतं तिथे, कोपरावर, कडांना कापूस थोडा जास्त लागतो. कमी पडला तर घासून जखम, आणि सगळीकडे भरमसाट झाला तर कास्ट सैल होऊन हाड हलण्याची भीती.

पुतण्या राहतो जुन्या नाशकात, तिवंधा चौकाजवळ. बाकी बऱ्याच ठिकाणी लोक धुळवडीला रंग खेळून मोकळे होतात, आमच्याकडे खरा रंग रंगपंचमीला, आणि त्या दिवशी पेशवेकाळापासूनच्या रहाडी उघडतात. जमिनीखालचे ते दगडी हौद वर्षभर बुजवलेले असतात. त्या दिवशी त्यांत रंगाचं पाणी भरतात आणि पोरं वरून धप्पा मारतात. सायकलवरून पडून हात मोडला तेव्हा पंचमी तोंडावर होती. त्याचा युक्तिवाद बिनतोड होता: ‘काका, फायबर वॉटरप्रूफ असतं. मी वाचलंय.’ मीही वाचलं होतं, म्हणून मी डॉक्टरांकडे त्याची वकिली केली. ते हसले. काच आणि रेझिन पाण्याला भीत नाहीत, हे खरं. पण आतला कापूस एकदा भिजला की दिवसेंदिवस वाळत नाही, खालची कातडी पांढरी, भुसभुशीत होते, वास येतो, फोड येतात. पाणी चालणारं अस्तर मिळतं, पण ते महाग आणि प्रत्येक मोडीला चालतंच असं नाही. त्याच्या हाताला डॉक्टरांनी नाही म्हटलं. पंचमीला तो हाताला प्लॅस्टिकची पिशवी बांधून रहाडीच्या काठावर उभा राहिला आणि कुणी आधी, कुणी नंतर उडी मारायची याचा कारभार पाहिला. तिथे त्याला इतका मान मिळाला की उडीचं दुःख तो विसरला असावा.

५. शेवटी सगळं बांधणाऱ्या हातावर. प्लास्टर रूममध्ये एक मामा होते. डॉक्टर हात धरून उभे, बांधत होते मामा. मी मोठ्या कौतुकाने माझी खरेदी टेबलावर मांडली. त्यांनी कंपनीचं नाव वाचलंही नाही. विचारलं फक्त पाण्याबद्दल: ‘गरम नाही ना आणलं कुणी?’ पाणी गरम असलं की रेझिन फार लवकर आवळतं आणि चटकाही जास्त लागतो, एरवी तीन-चार मिनिटं तरी हातात असतात. हातमोजे चढवले, रोल बुडवला, दाबला, आणि गुंडाळायला लागले. गुंडाळलं म्हणजे अक्षरशः रोल हातावरून घरंगळत नेला, एकदाही ओढला नाही, प्रत्येक फेरा आधीच्या अर्ध्यावर. मग बोटं न रुतवता नुसत्या तळव्यांनी दाबून आकार दिला, कारण बोटाचा खड्डा पडला तर तो तसाच कडक होतो. हे सगळं ते डॉक्टरांशी कांद्याच्या भावाबद्दल बोलत करत होते.

नंतर कुतूहलाने सुश्रुतसंहितेतलं मोडलेल्या हाडांचं प्रकरण चाळलं. मोह, उंबर, पिंपळ, पळस, वड यांच्या साली आणि बांबू, हे तिथलं साहित्य. पण सुश्रुताचा भर सालीपेक्षा बांधण्यावर अधिक. सैल बांधलं तर सांधा स्थिर राहत नाही, करकचून बांधलं तर सूज, वेदना आणि पू होतो, तेव्हा मध्यम बांधावं. आणि ऋतू बघावा: थंडीत सात दिवसांनी, साधारण हवेत पाच, उन्हाळ्यात तीन दिवसांनी बांधणी बदलावी. मामांनी हे वाचलं असण्याची शक्यता कमी आहे.

६. रंग हा विषय मी फालतू समजत होतो. आई समजत नव्हती. निळा, गुलाबी, हिरवा असे रोल समोर होते आणि तिने क्षणात हिरवा उचलला. श्रावण लागत होता, बांगड्या उतरलेला हात तिला मोकळा-मोकळा वाटत होता. फायबर काचेच्या धाग्याचं असतं हे मी सांगितलं तेव्हा म्हणाली, ‘बरं झालं. काच काढली, काच घातली.’

७. घालताना काढण्याचा विचार करावा. गोळे कॉलनीत माझ्या शेजारी सुरगाण्याकडचे एक गृहस्थ बायकोच्या हातासाठी सामान घेत होते. मी त्यांना, न विचारता, फायबर किती हलकं असतं ते सांगत होतो. ते म्हणाले, डॉक्टरांनी मुद्दाम अजून काही दिवस स्लॅबच ठेवायला सांगितलंय, कारण रात्री बोटं सुजली तर गावात फायबर कापणारं यंत्र नाही, स्लॅबचं बँडेज घरीही सोडवता येईल. माझ्या कोटेशनात अंतराचा रकानाच नव्हता. बोटं निळी पडणं, बधिर होणं, दुखणं कमी होण्याऐवजी वाढत जाणं, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघायची नसते, आणि त्या वेळी सगळ्यात मोलाचं असतं ते जवळ कोण काय कापू शकतं हे. ते यंत्र अमेरिकेतल्या होमर स्ट्रायकर नावाच्या हाडांच्या डॉक्टरने १९४० च्या दशकात बनवलं. त्याचं पातं गरगर फिरत नाही, जागच्या जागी थरथरतं. कडक कास्ट कापला जातो, मऊ कातडी पात्याबरोबर हलते आणि सहसा कापली जात नाही. पातं तापतं मात्र, आणि तेव्हा मध्ये असतो तो पुन्हा कापूसच. आवाज भयंकर. आई डोळे मिटून रामरक्षा म्हणत होती, पुतण्या डोळे फाडून बघत होता.

८. कास्ट सुटला की सामान संपतं, काम नाही. मनगट गंजलेल्या बिजागरीसारखं झालेलं होतं. फिजिओथेरपिस्टने दाबायला मऊ चेंडू सांगितला, मी तो तीन दुकानांत भाव करून आणला. आईने तो नातीला दिला आणि स्वतः कोमट पाण्यात फडकं पिळायला बसली, पुढे कणीक मळू लागली. फिजिओथेरपिस्टला सांगितलं तर तीही म्हणाली, उत्तमच.

पुतण्याला त्याचा कास्ट घरी हवा होता, त्यावर अख्ख्या वर्गाच्या सह्या होत्या. मामांनी तो पिवळ्या पिशवीत टाकला. वापरलेलं प्लास्टर हा दवाखान्याचा कचरा, घंटागाडीत जायचा नाही आणि घरीही नाही, नियम आहे म्हणाले. पोराने घासाघीस सुरू केली: अख्खा नको, सह्यांचा तुकडा द्या, बरं, निदान अंगठ्याकडचा द्या. ती चिकाटी घराण्यातली आहे, हे मी ओळखलं. मामा बधले नाहीत.