कांजूरमार्गचा कामगार आणि साक्षरतेनंतरचे शिक्षण

प्रौढशिक्षण हा शब्द उच्चारताच शिक्षकवर्गाच्या डोळ्यांपुढे रात्रीचा वर्ग, पाटी आणि अंगठ्याऐवजी सही करू लागलेला वयस्क विद्यार्थी उभा राहतो. हे चित्र खोटे नाही, परंतु ते अपुरे आहे. अक्षरे आली की शिक्षण संपले, ही समजूत ज्या काळी कामगार जन्मभर एकच यंत्र सांभाळीत असे, त्या काळी निभावून गेली. आता ती का निभावत नाही, हे पाहावयाचे असल्यास मुंबई उपनगर जिल्ह्यातील कांजूरमार्गचे उदाहरण घेण्यासारखे आहे.

विक्रोळी व भांडुप यांच्या दरम्यान कांजूरमार्गचे रेल्वेस्थानक १९६८ साली सुरू झाले. त्याच्या आधीपासूनच घाटकोपर ते मुलुंड या टापूत जुन्या आग्रा रस्त्याच्या, म्हणजे आजच्या लालबहादूर शास्त्री मार्गाच्या, आसपास कारखान्यांची रांग उभी राहत होती. विजेची यंत्रे, टायर, रंग, लोखंडी सामान असा नानाविध माल तेथे तयार होई. कोकणातून वा घाटावरून आलेला चौथी-सातवी शिकलेला तरुण जाणत्या कारागिराच्या हाताखाली काही वर्षे काढून टर्नर किंवा फिटर होई आणि त्या एका कसबावर त्याचा संसार चाले. जवळच पवईला, १९५८ साली स्थापन झालेली भारतीय तंत्रज्ञान संस्था आहे. तेथील विद्या आणि रुळांलगतच्या कारखान्यातील हाताचे कसब यांना जोडणारी वाट मात्र फारशी कोणी घातली नाही.

पुढे काळ पालटला. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले आणि त्यानंतर गिरणगाव पूर्ववत झाले नाही. उपनगरांवर हीच पाळी निराळ्या मार्गाने आली. जमिनीचे मोल वाढले. काही कारखाने अन्यत्र हलले, काही बंद पडले, आणि त्यांच्या जागी निवासी मनोरे, कार्यालये व मोठी दुकाने आली. जे कारखाने चालू राहिले, त्यांतील यंत्रे बदलली.

लेथचेच पाहा. हातलेथवरील टर्नर चाक फिरवून हत्यार पुढे सरकवितो, मायक्रोमीटरने माप घेतो आणि मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत अचूकता साधतो. संगणकनियंत्रित लेथवर हत्यार आपोआप सरकते. कामगाराने त्यास अक्षरांत व अंकांत आज्ञा द्यावयाची असते. कामाच्या तुकड्याचा दर्शनी भाग शून्य धरला, म्हणजे चकाच्या दिशेने मोजलेले अंतर सामान्यतः ऋण संख्येने दाखवितात. उणे १२.५ म्हणजे दर्शनी भागापासून साडेबारा मिलिमीटर आत. उणे चिन्ह विसरले तर हत्यार उलट दिशेस जाते. दशांशचिन्ह चुकले तर ते चकावर जाऊन आदळू शकते. या माणसास धातूची जाण आहे. हत्याराची धार गेली हे त्यास नुसत्या आवाजावरून कळते. त्यास अडवितात त्या गोष्टी तीन : दशांश अपूर्णांक, ऋण संख्या व रोमन लिपी. चाळिशी उलटलेल्या कामगारास ‘नवे यंत्र जमणार नाही’ असे म्हणून बाजूस सारले जाते, तेव्हा पुष्कळदा त्याचे कसब कमी पडलेले नसते, पाचवी ते सातवीचे गणित कमी पडलेले असते. आणि ते गणित शिकविणारा मनुष्य अभियंता नव्हे, प्राथमिक शिक्षक आहे.

महाराष्ट्रास या कार्याची परंपरा नाही असे नाही. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८५५ साली पुण्यात कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. मुंबईत १९३९ साली प्रौढशिक्षणासाठी स्वतंत्र समिती स्थापन होऊन कामगारवस्त्यांतून साक्षरतावर्ग सुरू झाले. १९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम निघाली आणि पुढे ती राज्यभर पसरली. गाव साक्षर झाले म्हणजे ग्रामगौरव समारंभ होई. त्या मोहिमेचा उत्साह निर्विवाद होता. परंतु समारंभानंतर वाचावयास काय द्यावे, याची तरतूद तोकडी पडली, आणि नवसाक्षरांपैकी पुष्कळांची अक्षरे वापराअभावी पुसली गेली. न वापरलेले हत्यार गंजते, तसेच हे आहे.

या उणिवेवर मुंबईतच एक उत्तर शोधले गेले. १९६७ साली देशातील पहिले श्रमिक विद्यापीठ मुंबईत सुरू झाले. नाव विद्यापीठ असले तरी तेथे पदवी नव्हती. प्रवेशास अमुक इयत्ता उत्तीर्ण असण्याची अट नाही, ठरीव अभ्यासक्रम नाही. आधी कामगारांच्या गटास काय अडते ते पाहावयाचे आणि त्यावरून लहान मुदतीचा वर्ग आखावयाचा, अशी ही पद्धती होती. शिकविण्यास त्या धंद्यातीलच अनुभवी माणसे बोलवावयाची. धंद्याच्या ज्ञानाबरोबर गणित, भाषा, आरोग्य, नागरिकत्व हे विषय वेगळे न पाडता त्यातच गुंफावयाचे. ही कल्पना पुढे देशभर गेली. २००० साली या संस्थांचे नाव जनशिक्षण संस्थान असे झाले व २०१८ पासून त्या केंद्राच्या कौशल्यविकास मंत्रालयाकडे आल्या.

सध्याच्या ‘उल्लास’ नवभारत साक्षरता कार्यक्रमाची मुदत २०२२ ते २०२७ अशी आहे. पंधरा वर्षांवरील असाक्षरांसाठी असलेल्या या कार्यक्रमात पायाभूत साक्षरतेशिवाय जीवनकौशल्ये, व्यवसायकौशल्ये, मूलभूत शिक्षण व निरंतर शिक्षण हीही अंगे आहेत. प्रत्यक्षात शाळेचे लक्ष सर्वेक्षण आणि १५० गुणांची परीक्षा यांवर खिळून राहण्याचा धोका आहे, कारण तेवढेच तक्त्यात भरता येते.

परीक्षेनंतरच्या वर्गास पाठ्यपुस्तक कोठून आणावे, असे विचारले जाते. कामगाराच्या खिशातच ते असते. वेतनचिठ्ठी फळ्यावर उतरावी. मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून १५,००० रुपये असतील, तर भविष्यनिर्वाह निधीची १२ टक्के कपात १,८०० रुपये होते. मालकानेही तितकीच रक्कम भरावयाची असते, तीपैकी ८.३३ टक्क्यांचा भाग, म्हणजे सुमारे १,२५० रुपये, निवृत्तिवेतनाकडे जातो. शेकडेवारीचा हा पाठ येथेच थांबवू नये. बारा अंकी खातेक्रमांकाने पासबुक कसे उघडावे, आणि चिठ्ठीतून कापलेली रक्कम तेथे जमा दिसते की नाही, हे ज्याचे त्याने पडताळावे. कारखाना सुटल्यावर कंत्राटदारामार्फत पहारेकऱ्याचे काम धरलेल्या मनुष्यास हा पाठ सर्वांत निकडीचा, कारण कंत्राटदार बदलला तरी खातेक्रमांक तोच राहतो आणि जुनी रक्कम मागता येते. हे त्यास कोणी सांगितलेले नसते. मोबाइलवर आलेला गुप्त अंक दुसऱ्यास सांगू नये, हेही याच तासात यावे.

स्त्रियांच्या वर्गाचा विचार निराळा करावा लागतो. पवईच्या इमारतींत घरकाम करणाऱ्या बाईस रात्री आठचा वर्ग म्हणजे शिक्षाच. तिला दुपारचे दोन ते चार सोयीचे. तिचे गणितही वेगळे : चार घरांचा पगार, खाडे, उचल आणि भिशी. कारखान्यातील पाळी जेथे दर आठवड्यास बदलते, तेथे एकच पाठ सकाळी व संध्याकाळी असा दोनदा घ्यावा, म्हणजे कोणत्याही पाळीचा मनुष्य मागे पडत नाही. याकरिता शेजारच्या दोन शाळांनी मिळून वर्ग चालवावा, हजेरीपट एकच ठेवावा, आणि वर्ग उघडण्यापूर्वी पाळ्यांचे वेळापत्रक कामगारांकडूनच मागून घ्यावे.