माउलीची हाक आणि आडनावाची चौकशी



वारीच्या वाटेवर अनोळखी माणूस समोर आला तर आपण त्यास काय म्हणतो? 'माउली' म्हणतो. त्याच्या पाया पडतो आणि तोही आपल्या पाया पडतो. धनी कोण, चाकर कोण, हा प्रश्न तेथे उठत नाही. मुक्ताबाईंची पालखी आपल्या बीडवरून पंढरीस जाते तेव्हा दरवर्षी हे आपण डोळ्यांनी पाहतो. परंतु तोच माणूस आषाढी उलटल्यावर आपल्या उंबऱ्याशी आला, म्हणजे पहिला प्रश्न निघतो, "आडनाव काय?" त्यास सतरंजी द्यायची की पायरी दाखवायची, हे मग त्या उत्तरावर ठरते. या दोन हाकांमधले अंतर किती, हा आजच्या पाठाचा विषय आहे.

आपल्या जिल्ह्यात हा विषय नुसता पोथीतला राहिलेला नाही. डिसेंबर २०२४ मध्ये केज तालुक्यातील मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाली. त्यानंतर जातीजातींत एवढी तेढ माजली की माणसाचे काम पाहण्याआधी आडनाव पाहिले जाऊ लागले. तेव्हा २०२५ साली बीडच्या पोलीस दलाने गणवेशावरील पट्टीवरून आडनाव काढले आणि नुसते नाव ठेवले. पट्टी बदलल्याने मन बदलते असे नाही, हे खरे. तथापि खाकी गणवेशाला जे सुचले, ते गळ्यातल्या तुळशीमाळेला सुचू नये काय?

कोणी म्हणेल, "अहो, संतांच्या नावांतही जात आहेच की! सावता माळी, गोरा कुंभार, नरहरी सोनार, सेना न्हावी." शंका योग्य आहे. पण नीट पाहा. ज्याने मळा पिकवला, मडकी घडवली, त्याने आपल्या हातच्या कामाचे नाव लपवले नाही; त्याची त्यास लाज नव्हती. त्या नावाने कोणास दूर लोटण्याचे कामही त्याने केले नाही. दूर लोटले ते इतरांनी. चोखोबांचेच पाहा. १३३८ साली मंगळवेढ्यास गावकुसाच्या कामावर असता ते कूस अंगावर कोसळून त्यांनी देह ठेवला. नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी आणून पंढरीस महाद्वारासमोर समाधी बांधली. त्यांचे अभंग आपण कीर्तनात गात राहिलो, आणि त्यांच्याच जातीच्या माणसांना मात्र महाद्वाराबाहेर उभे करीत राहिलो. हे किती दिवस चालले? सहाशे वर्षे! १ मे १९४७ रोजी साने गुरुजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणास बसले. दहा दिवस त्यांनी अन्न घेतले नाही. कोणावर हात उगारला नाही, कोणास शिवी दिली नाही. त्या वर्षी तो दरवाजा उघडला. दगडाचा दरवाजा उघडला, आता आपल्या मनाचा कोण उघडणार?

आपल्याच मातीतले दुसरे उदाहरण शेख महंमदबाबांचे. परंपरा त्यांचे मूळ गाव आष्टी तालुक्यातील वाहिरे असे सांगते. जन्माने मुसलमान, गुरू चांद बोधले, आणि ग्रंथ मराठीत ओवीबद्ध. ग्रंथाचे नाव 'योगसंग्राम'. नाव संग्रामाचे असले तरी त्यातली लढाई माणसाशी नाही. ती काम, क्रोध, मत्सर या घरातल्याच वैऱ्यांशी आहे. जो ही लढाई मनापासून लढतो त्यास शेजाऱ्याशी लढण्यास सवड मिळत नाही. आपले उलटे होते. आतला वैरी सुखाने नांदतो आणि बाहेर भाऊबंद दिसला की आपल्या मुठी वळतात.

आणखी एक शब्द ऐका. दसरा-दिवाळीच्या सुमारास आपल्या जिल्ह्यातून लक्षावधी माणसे ऊस तोडण्यास पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. तेथे नवराबायकोच्या जोडीस 'एक कोयता' म्हणतात. मुकादम उचल देतो तीही कोयत्यामागे. दोन जिवंत माणसे, आणि त्यांचे नाव काय, तर अवजार! ज्यास आपण अवजार म्हणतो, त्याच्या दुखण्याखुपण्याची, बाईच्या बाळंतपणाची विचारपूस कोण करणार? काठी उचलण्याआधी जीभ उचललेली असते. म्हणून अहिंसेचा पहिला धडा जिभेला द्यावा लागतो.

तेव्हा आचरणासाठी चार गोष्टी मनात धराव्यात.

एक : दारी आलेल्यास आधी पाणी विचारावे. आडनाव पुढे आपोआप कळते; कळले नाही तरी काही अडत नाही.

दोन : अमक्या जातीच्या दुकानातून माल घेऊ नये, अशी भाषा गावात निघाली तर माळकऱ्याने गप्प बसू नये. सर्वांसमक्ष त्या दुकानात जावे.

तीन : सप्त्याच्या पंगतीत वाढपी कोण आणि शेवटच्या पंगतीस कोण बसते, हे आपण स्वतः पाहावे. तेथे भेद दिसला तर काल्याचा प्रसाद मुखी घालण्याआधी तो मिटवावा.

चार : एकादशी धरली, कांदालसूण सोडला, आणि घरी बायकोवर वा सुनेवर हात उगारला, तर ते व्रत कसले? वाटेवरच्या परक्या बाईस माउली म्हणायचे आणि घरच्या माउलीस 'ए' म्हणून हाकारायचे, हे वारकऱ्यास शोभत नाही.

वारी वीस-पंचवीस दिवसांची. उरलेले अकरा महिने गावात काढायचे असतात. वाटेवर शिकलेली हाक गावात तोंडी राहिली, तरच वारी घरी पोहोचली म्हणावयाचे.

रामकृष्णहरि.