रांग मोठी करून भागत नाही : ‘बॅकप्रेशर’ शिकवताना

पार्ल्यातल्या मुलांना विमानाचं अप्रूप नाही. डोक्यावरून विमान गेलं की बोलता बोलता थांबायचं, ही आपली सगळ्यांचीच सवय. हीच विमानं सॉफ्टवेअरमधली एक अवघड कल्पना समजवायला कामी येतात.

मुंबई विमानतळाला धावपट्ट्या दोन, पण त्या एकमेकींना छेदतात. म्हणून एका वेळी एकच वापरतात. विमानं मात्र येतच राहतात आणि जागा नसली की वर घिरट्या घालतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये नागरी विमान वाहतूक मंत्रालयानेच सांगितलं, की विमानांना ४० ते ६० मिनिटं घिरट्या घालाव्या लागतात आणि ४० मिनिटांत सुमारे १,७०० लिटर इंधन जळतं. तेव्हा गर्दीच्या वेळची तासाची उड्डाणं-अवतरणं ४६ वरून ४४ वर आणली. शिवाय आणखी एक पद्धत आहे : मुंबईत गर्दी होणार असं दिसलं, की विमान जिथून सुटणार तिथेच त्याला उशिराची वेळ द्यायची. आकाशात थांबण्यापेक्षा जमिनीवर थांबलेलं बरं!

घेणाऱ्याची अडचण अशी उलट पाठवणाऱ्यापर्यंत पोचवणं, म्हणजे बॅकप्रेशर.

वर्गात हे करून बघा. एक मुलगा दर २ सेकंदांनी गणिताची चिठ्ठी ट्रेमध्ये टाकेल. दुसरी मुलगी ५ सेकंदांत एक सोडवेल. मिनिटात चिठ्ठ्या आल्या ३०, सुटल्या १२, उरल्या १८. ट्रे १८ चिठ्ठ्यांचा असेल तर मिनिटात भरला. दुप्पट मोठा आणला तर? दोन मिनिटांत भरेल, बस्स. आणि तळाशी अडकलेली चिठ्ठी तोवर शिळी होते, हे वेगळंच. (मुलं हमखास आधी ‘मोठा ट्रे आणू’ म्हणतात. मोठी माणसंही तेच म्हणतात.)

ट्रे म्हणजे संगणकाची मेमरी. ती भरली की अख्खी यंत्रणा कोसळते. दहावीच्या निकालाला लाखो घरांतून एकदमच क्लिक होतात ना, तसं. पान उघडलं नाही की आपण पुन्हा पुन्हा रिफ्रेश करतो, म्हणजे दमलेल्या सर्व्हरवर आणखी चिठ्ठ्या! चांगलं ॲप अशा वेळी दर प्रयत्नानंतर थांबण्याचा वेळ वाढवत नेतं. पालकांनीही निकालाच्या दिवशी तेवढं करावं.

कधी चिठ्ठी टाकूनही देता येते. रिक्षा कुठे पोचली याची जुनी नोंद गेली तरी चालेल, नवी येतेच आहे. पण भरलेल्या फीची नोंद गेली तर? मग पाठवणाऱ्यालाच थांबवावं लागतं. इंटरनेटवरचा टीसीपी हा नियम तेच करतो : घेणारा संगणक आपल्याकडे किती जागा उरली ते कळवत राहतो, आणि पाठवणारा त्याहून जास्त पाठवत नाही.

आता खेळाचा नियम बदला. मुलीने हात वर केल्यावरच चिठ्ठी द्यायची. ट्रे रिकामा राहील, पण चिठ्ठ्या त्या मुलाच्या हातात साचायला लागतील. त्याने लिहिणं थांबवायचं, की जुन्या फाडायच्या? ते वर्गालाच ठरवू द्या.