एका तारेतून वीज आणि माहिती

एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, असे आपण म्हणतो. परंतु एका केबलमध्ये वीज आणि माहिती सुखाने नांदतात, हे मला गेल्या वर्षी उमगले. मी कला शाखेचा विद्यार्थी. विज्ञानाशी माझे नाते दहावीपुरतेच. तरीही एका प्रसंगाने मला या विषयाकडे वळविले.

अर्धापुरातील एका वाचनालयात शिष्यवृत्तीचे अर्ज भरणे चालू होते. शेवटचा दिवस. खेड्यावरून आलेल्या माझ्या एका वर्गभगिनीचा अर्ज निम्मा भरून झाला आणि वीज गेली. संगणक इन्व्हर्टरवर चालूच राहिला. पण छताजवळची वाय-फायची पेटी मात्र विझली. ती वेगळ्या प्लगवर होती. बिचारीला तशीच नांदेडची बस गाठावी लागली. रात्री उशिरा कसाबसा अर्ज गेला.

घरी हे सांगितले तेव्हा अण्णा म्हणाले, "आमच्या वेळी लाईट गेली तरी फोन चालायचा. केळीचा भाव अंधारातही कळायचा."

अण्णांच्या बोलण्यातच उत्तर होते. जुन्या दूरध्वनीला घरची वीज लागत नसे. दूरध्वनी केंद्रातील बॅटऱ्यांची सुमारे ४८ व्होल्टची वीज, ज्या दोन तारांतून बोलणे येई त्याच तारांतून घरी पोहोचे. बेळगाव जिल्ह्यातील कित्तूर येथे १९८६ साली सी-डॉटचे पहिले ग्रामीण स्वयंचलित केंद्र सुरू झाले, तेही याच रीतीचे. हाच विचार संगणकाच्या जाळ्यात आला, त्याला 'पॉवर ओव्हर इथरनेट' म्हणतात. त्याचे पहिले मानक २००३ साली ठरले.

इथरनेट केबलमध्ये आठ तारा, म्हणजे पीळ दिलेल्या चार जोड्या असतात. माहिती ही जोडीतील दोन तारांच्या दाबातील फरकाने जाते. वीज देताना दोन्ही तारांचा दाब सारखाच वाढवितात. होडीत दोन माणसे उभी आहेत असे समजा. गोदावरीला पूर आला तर होडी वर चढेल, पण त्या दोघांच्या उंचीतील फरक तोच राहील. म्हणून माहितीत बिघाड होत नाही.

दाब ४८ व्होल्टच्या आसपास का? तेवढीच शक्ती १२ व्होल्टने पाठविली, तर प्रवाह चौपट आणि तारेतील नासाडी सोळापट होते. २००३ च्या मानकाप्रमाणे १५.४ वॉट निघाले, तर १०० मीटरवर १२.९५ वॉट तरी पोहोचतात. २००९ साली ही मर्यादा ३० वॉट, तर २०१८ साली ९० वॉट झाली.

आणखी एक गोष्ट मला फार आवडली. वीज देणारे यंत्र, ज्याला 'स्विच' म्हणतात (हे दिव्याचे बटण नव्हे), आधी थोडासा दाब देऊन पलीकडे कोण आहे ते पाहते. सुमारे २५ हजार ओहमचा रोध आढळला तरच पूर्ण वीज सोडते. ओळख न विचारता वीज देणारी स्वस्त साधनेही बाजारात मिळतात. त्यांनी नाजूक यंत्र जळू शकते. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबलही टाळावी. ती अधिक तापते.

पुढे त्या वाचनालयात असा स्विच बसवून तो इन्व्हर्टरला जोडला. आता छतावरच्या पेटीला एकच केबल जाते. अर्थात स्विच बिघडला तर सारेच थांबेल. एका खांबावरच्या छपराची ती उणीव आहेच. पण भारनियमनाच्या गावात दहा ठिकाणची वीज सांभाळण्यापेक्षा एक बॅटरी सांभाळणे सोपे.

यंदा अर्जाच्या दिवशी पुन्हा वीज गेली. वाचनालयात अंधार झाला, पण कोणीही बसस्थानकाकडे धावले नाही. माझ्यासारख्या कला शाखेच्या विद्यार्थ्याला विज्ञानाची थोरवी पटायला एवढे पुरेसे आहे.